रोपणानंतरचे शंभर दिवस

मार्च १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या ९ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. भारतातले हे पहिले यशस्वी मज्जारोपण.

इतिहासात रोपणाची तारीख राहते, नंतरची राखण राहत नाही. अमेरिकेत डॉ. डोनाल थॉमस यांचे १९५० च्या दशकातले बहुतेक रुग्ण दगावले होते. नवी मज्जा रुग्णाच्याच कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर उलटते. म्हणून आधी भावंडांचे एचएलए जुळवू लागले; सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. पुढे मातीतल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन मिळाले. त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट आले. १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल मिळाले.

पण ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून वेगळी खोली, हात धुणे, शुद्ध पाणी आणि ताप येताच दवाखाना. बाळपणीच्या लसीही पुन्हा द्याव्या लागतात. पहिले १०० दिवस फार जोखमीचे.

मी बीड जिल्ह्यात शिकवतो. इथल्या ऊसतोड मजुराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्याच्यासाठी मुंबईतले १०० दिवस म्हणजे अर्ध्याहून जास्त हंगाम. आणि पोराला फडावर न्यावे, तर कोपीत वेगळी खोली कुठली? मोहल्ल्यात, गावात आपण ऑपरेशनसाठी वर्गणी काढतो. ती खोलीभाड्यासाठी आणि बुडालेल्या मजुरीसाठीही काढली पाहिजे. तोही उपचारच आहे.