भट्टीची वाया गेलेली धग

मुंबईच्या चाळींतून लांकडी कोळशाची शेगडी ज्या काळीं घरोघर पेटत असे, त्या काळीं तिची एक थोरवी आवर्जून सांगितली जाई: तिला धूर नाहीं. लांकडाच्या चुलीनें डोळे चुरचुरत, भिंती काळवंडत. शेगडींतला निखारा मात्र शांतपणें लाल होई आणि मूठभर राख ठेवून विझे. बंद खोलींत त्याचा अदृश्य वायु घातक ठरे हें खरें. तरी शहरी संसारास तें स्वच्छ आणि सोयीचें इंधन वाटे. परंतु लांकडांतला धूर नाहींसा झाला नव्हता. तो शहरापासून दूर, डोंगरांत, अगोदरच निघून गेला होता. आणि त्याच्याबरोबर लांकडांतल्या उष्णतेचा फार मोठा भाग गेला होता. त्या उष्णतेचें काय झालें, ही इंधनाच्या इतिहासांतली एक उपेक्षित हकीकत आहे.

शहापूर तालुक्यांतील खर्डी हें कल्याण ते कसारा या लोहमार्गावरचें एक लहान स्थानक. आगगाडी १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पोंचली, १८६१ सालीं कसाऱ्यास, आणि १८६५ सालीं थळ घाट चढून इगतपुरीस. या बारा वर्षांत साग, ऐन आणि खैर यांचें हें रान मुंबईच्या दारांत आलें. जें लांकूड पूर्वीं बैलगाडीनें इतक्या दूर नेणें परवडत नसे, तें आतां वाघिणींत भरतां येऊं लागलें. लांकडापेक्षां कोळसा वजनास फार हलका. तेव्हां रानांतच लांकडाचा कोळसा करावा आणि तोच शहरास पाठवावा, हा हिशेब व्यापाऱ्यास सहज सुचणारा होता.

या धंद्याला हात मिळाले ते कातकऱ्यांचे. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून काथ काढणें हा त्यांचा जुना व्यवसाय; त्यावरूनच त्यांचें नांव पडलें. १८७८ च्या जंगल कायद्यानें रानें राखीव होऊं लागलीं आणि खैर तोडण्याची वाट बंद होत गेली. काथाची चूल विझली, आणि तिच्या जागीं दुसऱ्याच्या मालकीची भट्टी आली. पावसाळ्यांत घरांतले दाणे संपत, तेव्हां ठेकेदार उचल देई. दिवाळीनंतर ती फेडण्यासाठीं सगळें बिऱ्हाड पोरांबाळांसह भट्टीवर जाई आणि पावसाच्या तोंडावर परते. पुष्कळदां परततांनाही उचल फिटलेली नसे.

भट्टीची रीत साधी, परंतु तिला मोठी नजर लागते. लांकडें रचून त्यांवर पालापाचोळा घालतात, वरून माती लिंपतात, आणि हवा मोजकीच आंत जाईल अशीं भोंकें ठेवतात. प्रथम पांढरा, दाट धूर निघतो; ती बहुतेक लांकडांतल्या पाण्याची वाफ. उष्णता सुमारें २८० अंशांपलीकडे गेली कीं लांकूड स्वतःच्या तापानें विघटन पावूं लागतें, आणि त्यांतून डांबर, शिरक्याचें अम्ल, लांकडी मद्यार्क व जळाऊ वायु बाहेर पडतात. शेवटीं धूर विरळ आणि निळसर झाला कीं भोंकें बुजवावयाचीं. तेथें हयगय झाली तर कोळशाची राख होते; म्हणून रात्रींही कोणी तरी जागें राहावें लागे. अशा मातीच्या भट्टींत शंभर मण लांकडाचा पंधरा ते वीस मण कोळसा होतो. मणास मण कोळशाची उष्णता लांकडाच्या दीडपटीहून थोडी अधिक धरली, तरी मूळ उष्णतेचा फार तर तिसरा हिस्सा शहरास पोंचतो. बाकीची भट्टी तापविण्यांत आणि धुरावाटें आकाशांत जाते. तिनें ना कोणाचें अन्न शिजतें, ना पुढच्या भट्टीचें लांकूड वाळतें.

अशी धग परत धरतां येते, हें मात्र जगास पूर्वींच ठाऊक झालें होतें. स्कॉटलंडांत रॉबर्ट स्टर्लिंग यानें १८१६ सालीं तापलेल्या वायूची उष्णता वाटेंत सांठवून पुन्हां वापरण्याची युक्ति नोंदविली. १८५६ सालीं फ्रेडरिक सीमेन्स यानें भट्टींतून निघणाऱ्या वायूंनीं विटांची जाळी तापवावी, आणि मग त्याच जाळींतून आंत जाणारी हवा सोडावी, अशी योजना केली. भट्टीची गेलेली उष्णता अशा रीतीनें भट्टीसच परत मिळूं लागली.

हिंदुस्थानांत कोळशाच्या बाबतींत या विचाराचें मोठें उदाहरण म्हैसूर संस्थानांत घडलें. भद्रावती येथें १९२३ सालीं लांकडी कोळशावर चालणारा लोखंडाचा कारखाना सुरू झाला. पुण्यास शिकलेले आणि मुंबई इलाख्यांत दीर्घकाळ नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्याच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. तेथें मातीच्या ढिगाऐवजीं लांकूड बंद लोखंडी पात्रांत तापविलें जाई. निघणारा धूर थंड केला कीं डांबर, लांकडी मद्यार्क आणि अम्लाचा क्षार हातीं लागे. अशा पात्रांतून निघणारा जो वायु थंड करूनही द्रवरूप होत नाहीं, तो जळाऊ असतो. तो पात्राखालीं पुन्हां पेटविला कीं लांकूड जणूं आपल्याच धुरावर भाजलें जातें.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, तेव्हां मोटारींस कोळशाचें गॅसयंत्र जोडलें गेलें. तो गॅस गाळण्याच्या आणि थंड करण्याच्या अनेक युक्त्या निघाल्या. रानांतली भट्टी मात्र होती तशीच राहिली. याचें कारण केवळ अज्ञान नव्हे. लोखंडी पात्र एका जागीं बसवावें लागतें. तोडीचा कूप दर सालीं हलतो, आणि भट्टी कूपामागून जाते. त्याहून मोठें कारण पैशाचें. जेथें लांकूड स्वस्त आणि मजूर उचलीनें बांधलेला, तेथें वांचविलेल्या उष्णतेस किंमत येत नाहीं. कारखान्यांत लांकडाचा खर्च वहींत चढतो. रानांत वाया गेलेलें लांकूड आणि जागून काढलेली रात्र कोणाच्याच वहींत चढत नसे.

१९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द झाली. शहरांत स्वयंपाकाचा गॅस आला आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. परंतु मूळ प्रश्न रूप पालटून परत आला आहे. २०२३ सालीं भारत सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. विजेनें पाण्याचें पृथक्करण करून हा वायु काढतांना विजेचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपानें बाहेर पडतो. ती धग सौम्य, साधारण ६० ते ८० अंशांची. लोखंड वितळविण्यास निरुपयोगी, परंतु धान्य वाळविण्यास किंवा पाणी तापविण्यास पुरेशी. मात्र तिचें गिऱ्हाईक कारखान्याजवळच असावें लागतें, कारण अशी उष्णता फार लांब नेतां येत नाहीं. म्हणून तिची सोय कारखान्याची जागा ठरवितांनाच पाहावी लागते.

इंधन जळतांना स्वच्छ असणें हा त्याचा अर्धाच गुण होय. तें तयार होतांना काय जळलें, तो ताप कोणी सोसला, आणि त्यांतलें किती परत हातीं आलें, हा उरलेला अर्धा हिशेब आहे. खर्डीकडच्या रानांत तो कोणी मांडला नाहीं, आणि त्याची किंमत रानानें व कातकऱ्यांनीं दिली. नव्या इंधनाचा हिशेब आरंभापासून मांडतां येण्यासारखा आहे.