दवंडीपासून मोबाईलपर्यंत

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी लिहावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण आपल्या मंडळापुढे यंदा एक प्रश्न उभा आहे. आपले पापड, कुरडया, बेदाणे आणि हळद यांची जाहिरात मोबाईलवर पैसे देऊन करावी की नाही? दोन बैठका झाल्या तरी निकाल लागला नाही. तेव्हा आपल्या आधीच्या माणसांनी आपला माल लोकांना कसा कळविला, हे पाहावे असे मनात आले. वाचनालयातून आणि वडीलधाऱ्यांकडून जे कळले, ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

जुन्या गावगाड्यात जाहिरातीची गरजच नव्हती. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. त्यांची घरे ठरलेली आणि सुगीला मिळणारे धान्यही ठरलेले. गिऱ्हाईक शोधावे लागे ते फिरत्या माणसाला. कासार, कल्हईवाला आपापल्या सुरात ओरडत येत आणि आतल्या घरातील सुनेलाही कोण आले ते आवाजावरून समजे. बाकी सारे आठवड्याच्या बाजारात आणि जत्रेत. काही कळवायचे असले की डफ वाजवून दवंडी दिली जाई. दवंडीवाला गावचाच असल्याने खोटे सांगून त्याला गावात राहता आले नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तीच महत्त्वाची ठरते.

मग छापखाना आला. आपल्या देशातले पहिले वर्तमानपत्र हिकीने १७८० साली कलकत्त्यात काढले, त्याच्या नावातच जाहिरातीचा उल्लेख होता. मराठीत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले. पण छापलेली जाहिरात वाचणार कोण? १९५१ च्या जनगणनेतसुद्धा देशात शंभर बायकांपैकी सुमारे नऊच साक्षर होत्या. म्हणजे छापील जाहिरात सव्वाशे वर्षे चालली तरी खेड्यातल्या बाईच्या लेखी ती नव्हतीच.

आपल्या कृष्णाकाठचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे गेली असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानच्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली ती मुळात कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी म्हणून. त्याच पत्राचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि १९३० साली ‘स्त्री’ मासिकही तेथूनच निघाले. नुसते “आमचा नांगर घ्या” म्हणून शेतकऱ्याची समजूत पटली नसती. वाचकाला उपयोगी पडेल असे काही आधी द्यावे आणि मग आपला माल सांगावा, ही रीत आमच्याच भागात शंभर वर्षांपूर्वी पडली, याचा मला अभिमान वाटतो.

बायकांच्या उद्योगाचे नाव काढले की लिज्जत पापडाची आठवण होतेच. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली आणि ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. त्यांच्याजवळ जाहिरातीला पैसा नव्हता. पापड चांगला होता आणि एका माणसाचा विश्वास होता, एवढेच भांडवल. दूरदर्शनवरच्या त्यांच्या जाहिराती आपण पाहिल्या, त्या फार नंतरच्या.

आकाशवाणीच्या विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे जाहिराती लागू लागल्या, आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. आता न शिकलेल्या बाईच्याही कानी जाहिरात पडू लागली. परंतु ती ऐकायची, द्यायची नव्हे. साबण, चहा आणि दंतमंजन करणाऱ्या मोठ्या कंपन्या बोलत, आणि आपण विकत घेत होतो. खेड्यातल्या धंद्याला उरे ती बाजारपेठेतली भिंत, नाहीतर तंबूतल्या सिनेमाच्या मध्यंतरात दाखविलेली काच.

हा एकतर्फी व्यवहार मोबाईलने मोडला. फेसबुक २००४ साली निघाले, व्हॉट्सॲप २००९ साली आणि इन्स्टाग्राम २०१०ला. ही तिन्ही आज एकाच कंपनीच्या हाती आहेत. पण आपल्या गावात ती खरी शिरली २०१६ नंतर, जेव्हा इंटरनेट स्वस्त झाले आणि त्याच वर्षी यूपीआयने पैसे पाठविण्याची सोय झाली. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने छोट्या दुकानदारांसाठी वेगळे ॲप काढले. त्यात मालाची चित्रे आणि दर मांडून ठेवता येतात. माझ्या मते यातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आवाजाचा निरोप. लिहिता न येणारी बाई “ताई, उद्या सांडगे वाळतील, परवा पाठवते” असे बोलून पाठवू शकते. कासाराची आरोळी जणू परत आली आणि आता ती पुण्या-मुंबईपर्यंत ऐकू जाते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, त्या वेळी हे प्रत्ययास आले. आठवडी बाजार बंद, द्राक्षे वेलीवर तयार आणि व्यापारी येईना. आमच्या मंडळातल्या एका भगिनीच्या भाच्याने पुण्यातील एका सोसायटीच्या ग्रुपवर द्राक्षांचे चित्र टाकले. तेथील बायकांनी आपसांत याद्या केल्या आणि टेम्पो थेट त्यांच्या फाटकाशी गेला. सारा बाग विकला गेला नाही. पण मजुरी निघाली. राहिलेल्यांचे बेदाणे केले, आणि तेही पुढे त्याच घरी गेले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या २०१८ साली दुकानाची ही सोय झाली, त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाईलवर फिरत होती. तो रविवार होता आणि गावचा बाजार भरला होता. त्यानंतर एक निरोप एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठविता येऊ नये, असा निर्बंध व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात आपल्या देशात आणला. दवंडीवाला गावचा असतो असे मी वर म्हटले ते यासाठीच. मोबाईलवरच्या दवंडीला ना घर ना दार. कोण बोलले हे कुणाला ठाऊक नसते, आणि माणसे मात्र जिवानिशी जातात.

पैशाच्या जाहिरातीची रीतही भगिनींनी समजून घ्यावी. फेसबुकवर आपण गाव, वय, आवडनिवड आणि रोजचा खर्च ठरवून देतो. मग कोणती जाहिरात कोणाला दिसावी, याचा प्रत्येक वेळी लिलाव होतो. बोली किती आणि जाहिरात लोकांना रुचेल किती, दोन्ही पाहिले जाते. त्या लिलावात आपल्या शेजारी मोठ्या कंपन्याही उभ्या असतात. शिवाय जाहिरात दिसली म्हणजे माल विकला असे नाही. दिसण्याचे पैसे आपण देतो. विकणे आपल्याच हाती राहते.

फसवणूकही आहेच. आमच्या ओळखीच्या एकीला मोठी मागणी आल्याचा फोन आला. “पैसे पाठवतो, फक्त हा चौकोन स्कॅन करून पिन घाला,” असे तो इसम म्हणाला. तिने शेजारच्या मुलाला विचारले म्हणून वाचली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हे प्रत्येकीने पाठ करावे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आणि मोबाईल कुणाच्या हातात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या शंभरांपैकी सुमारे चोपन्न स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. आमच्या मंडळातही काही जणींच्या मागण्या मुलाच्या फोनवर येतात आणि पैसे मालकांच्या खात्यात जातात. पापड तिने लाटायचे आणि गिऱ्हाईक दुसऱ्याचे, असे किती दिवस चालायचे?

म्हणून माझे म्हणणे असे आहे. पैशाची जाहिरात करू नये असे नाही. पण तिची मर्यादा आधी ठरवावी, आणि दिवाळी-उन्हाळ्यासारख्या हंगामापुरतीच ती करावी. त्याआधी प्रत्येक भगिनीच्या नावे सिम आणि खाते असावे. गिऱ्हाइकांची नावे व पत्ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवावेत, कारण ॲपचे नियम उद्या बदलले तरी वही आपलीच राहील. चित्र आपल्याच मालाचे असावे. वजन आणि तयार केल्याची तारीख खरी असावी. मंडळाने पाहिल्याशिवाय मंडळाच्या नावाने काही विकू नये, आणि खात्री नसलेला एकही निरोप पुढे पाठवू नये. जुन्या गावात शब्दाला जामीन राहणारा माणूस असे. मोबाईलवर तो जामीन आपले मंडळ होऊ शकेल.

येत्या बैठकीत या गोष्टींचा विचार व्हावा, एवढी विनंती करून लेखणी खाली ठेवते.

— एक सभासद भगिनी