अर्धे तिकीट

वडिलांच्या पश्चात पुण्याचे घर आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागला. आत नाटकांची पन्नासेक अर्धी तिकिटे. तो डबा मी म्हैसूरला घेऊन आलो. त्यात टाचणीने अडकवलेली एक जोडी होती: 'कट्यार काळजात घुसली', बालगंधर्व रंगमंदिर, शेजारशेजारच्या खुर्च्या. एक तिकीट दारावर फाडलेले, दुसरे मात्र अखंड!

दादा तर नेहमी सांगत, "वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आम्ही दोघांनी पाहिले." आईला विचारले, तेव्हा ती हसली. म्हणाली, "तुला गोवर आला होता, मी घरीच होते. रात्री परत आल्यावर त्यांनी मला सगळे नाटक करून दाखवले. म्हणून ते 'दोघांनी' म्हणायचे."

त्या दिवसापासून या कपट्यांकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

मराठी रंगभूमी तिकिटासकट जन्माला आली नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, ते चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ साली आप्पासाहेब वारले आणि आश्रय संपला. मंडळी गावोगाव निघाली, आणि १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात भाव्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजाश्रयाची जागा लोकाश्रयाने घेतली, ती अशी. पुढे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठी झाला, तेव्हा लोकांनी चढे दर देऊन तिकिटे घेतली. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले.

आपल्या म्हैसूरची गोष्ट उलटी. येथे राजाश्रय दीर्घकाळ टिकला. आग्रा घराण्याचे नत्थन खाँ या दरबारात होते. त्यांचे शिष्य भास्करबुवा बखले; बुवांनी 'स्वयंवर' नाटकाला (१९१६) चाली दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या घराघरांत पोचवल्या. फैयाज खाँना 'आफताब-ए-मौसिकी' हा किताब याच दरबाराने दिला. म्हणजे आपण ज्याला आपले नाट्यसंगीत म्हणतो, त्याचा एक धागा या गावातून गेलेला आहे. पण दरबारातले गाणे निमंत्रितांसाठी. तेथे कुणाच्या खिशात तिकीट उरणार? वोंटिकोप्पलला १९६०च्या दशकापासून गणेशोत्सवात मांडव घालून कर्नाटक संगीताच्या बैठकी होत आल्या, त्याही विनामूल्य.

आपल्या मंडळाचेही तसेच. आपण कधी तिकीट लावले नाही, आणि लावूही नये. पण त्याचा एक तोटा मला गेल्या वर्षी कळला. पहिल्या वर्षी एकांकिका कोणती केली होती, यावर आम्हा जुन्या मंडळींत वाद झाला. चौघांनी चार नावे सांगितली! ज्यांना नक्की ठाऊक होते, ते दोघे आता हयात नाहीत. कपटा नाही, पत्रिका नाही, फोटोच्या मागे तारीख नाही.

आजकाल तिकीट मोबाईलवर येते. यंत्रातून निघणारे गुळगुळीत तिकीट तर उष्णतेने छापले जाते; काही वर्षांत त्यावरची अक्षरे उडतात. दादांच्या डब्यातला स्वस्त, पिवळा कागद मात्र अजून वाचता येतो.

म्हणून कार्यकारिणीला एक विनंती. यंदापासून एक जाड वही ठेवावी. प्रत्येक कार्यक्रमाची तारीख, कलावंतांची नावे आणि पडद्यामागे राबलेल्यांचीही नावे शाईने लिहावीत. आपले कन्नड सहकारी हौसेने तबल्याला बसतात, मांडवाच्या दोऱ्या ओढतात. त्यांचीही नावे त्यात असावीत. ज्येष्ठांनी आठवेल तसे मागचे सांगावे, तरुणांनी उतरून घ्यावे.

आणि ज्यांना घरच्या अडचणीमुळे कार्यक्रमाला येता आले नाही, त्यांना घरी गेल्यावर सगळा कार्यक्रम जरूर करून दाखवावा. आमच्या घरी ते अखंड तिकीट त्यामुळेच वाया गेले नाही.

गणपती बाप्पा मोरया!