धालोचा मांड

पौषातील चांदण्या रात्री पेडणे आणि डिचोली महालांतील स्त्रिया मांडावर जमतात आणि दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून वाद्यांवाचून धालो गातात. एक रांग ओळ गाते, दुसरी ती उचलते.

१७३६ साली इन्क्विझिशनने लग्नातील ओव्यांना मनाई केली, तेव्हा हे महाल पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. डिचोली १७८१ साली व पेडणे १७८८ साली कायमचे त्यांच्याकडे गेले, ते तेथील धर्माला व चालीरीतींना अभय देऊनच. गाणे तुटले नाही. मनाईच्या मुलखातही आम्हा ख्रिस्ती घरांत रोसाच्या वेळी ओवी टिकलीच.

सत्तेला जे पुसता आले नाही, ते आपल्या अनास्थेने पुसले जाऊ नये. गीते उरली, रचणारीचे नाव मात्र कोठेच नाही. आजीकडून गाणे उतरून घ्याल, तेव्हा तिचे नावही शेजारी लिहा.