राउटरमधील पंखा बदलणे

राउटरमधील पंखा बदलणे म्हणजे संगणक-जाळ्यातील माहितीला मार्ग दाखवणाऱ्या राउटर या यंत्रातील झिजलेला पंखा काढून नवा बसवणे होय. घरगुती राउटरांना बहुधा पंखा नसतो. कार्यालये व दूरसंचार केंद्रांतील राउटरांना मात्र त्याची गरज भासते.

मोठ्या राउटरांत पंख्यांचा ट्रे यंत्र चालू असतानाच बदलता येतो. हे काम उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत उरकावे लागते. लहान राउटरांत वीजपुरवठा तोडून आवरण उघडतात.

पंख्यात बहुधा बेअरिंग आधी झिजते. वंगण सुकले की घरघर सुरू होते व वेग घटतो. आकार आणि व्होल्ट (उदा. ४० मिमी, १२ व्होल्ट) जुळले की पुरे, हा समज अपुरा आहे. खरी अडचण तिसऱ्या तारेची असते. काही पंखे तिच्यातून दर फेऱ्याला सामान्यतः २ स्पंद पाठवतात. काही केवळ फिरत आहे की थांबला, एवढेच कळवतात. अपेक्षित संकेत न मिळाल्यास सुरळीत फिरणारा पंखाही राउटर नादुरुस्त ठरवतो. यावर संकेताची खोटी जोडणी करण्याची युक्ती काही जण योजतात. ती घातक होय. पुढे पंखा खरोखर थांबला तरी इशारा मिळत नाही.

आवाज कमी म्हणून निवडलेला मंद पंखा बहुधा हवाही कमी ढकलतो. पंख्याच्या चौकटीवर बाण असल्यास तो हवेची दिशा दाखवतो. जुन्या पंख्याची दिशा काढण्यापूर्वीच पाहून ठेवावी.