ऊती, वहिवाट आणि रुग्णाची भाषा

मराठी शास्त्रीय परिभाषेतील ‘ऊती’ हा शब्द विणणे या अर्थाच्या ‘वे’ या संस्कृत धातूपासून आला आहे. ‘ओतप्रोत’ या आपल्या नेहमीच्या शब्दातही तोच धातू आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या ‘टिश्यू’चा मूळ अर्थ विणलेले वस्त्र असा, आणि ‘हिस्टॉलॉजी’तील ग्रीक ‘हिस्टोस’ म्हणजे माग किंवा मागावरचे विणकाम. तीन भाषांनी एकाच प्रतिमेचा आश्रय घेतला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. परंतु विणीचा विचार करताना ती कोणाच्या अंगावरची, हा प्रश्नही ओघाने येतो. ऊतिविज्ञानाच्या आपल्याकडील इतिहासात या प्रश्नाला मोठे महत्त्व आहे.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ बिशा याने अठराव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शक न वापरता ऊतींचे एकवीस प्रकार सांगितले. १८५८ मध्ये फिरखो या जर्मन वैद्याने रोगाचे ठिकाण पेशीत दाखवून दिले. तेव्हापासून शरीराचा तुकडा काढून तपासणे ही रोगनिदानाची प्रमाण रीत होत गेली. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचा, मेणात बसवायचा, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप घ्यायचे आणि ते रंगवायचे. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रके निळी-जांभळी होतात, इओसिनने भोवतालचा भाग गुलाबी. त्वचेच्या किंवा तोंडाच्या अस्तरातील पेशी आपली पायरी सोडून, खालचा आधारपडदा भेदून आत शिरल्या आहेत काय, हे मग पाहिले जाते. सुटी पेशी हा सुटा शब्द मानला तर ऊती हे वाक्य होय. शब्द बिघडल्याचा संशय पेशीवरून येतो. बिघाड किती खोल गेला आहे, हे वाक्यातच कळते.

हे शास्त्र भारतात रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) यांचे नाव अग्रभागी आहे. लंडनमध्ये शिकलेल्या खानोलकरांनी मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकविले आणि १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा सांभाळली. १९४५ मध्ये त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसमवेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता वहिवाट आणि कर्करोग यांचा संबंध, आणि त्यात भारतातील तीन नवे प्रकार नोंदविले होते. पहिला धोतराचा कर्करोग : वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट कसलेल्या धोतराच्या काठाखाली होणारा. दुसरा चुट्ट्याचा : आंध्रच्या किनारपट्टीत चिरुटाचे जळते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा. तिसरा खैनीचा : तंबाखू-चुन्याची चिमूट खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवणाऱ्यांना होणारा.

या निबंधाचे मर्म असे की, सूक्ष्मदर्शकाखाली या तिन्हींचे चित्र बहुतांशी सारखेच असते. तिन्ही शल्कपेशींचेच कर्करोग. त्यांना वेगळेपण येते ते जागेमुळे, आणि जागा ठरते ती माणसाच्या जगण्यामुळे. लंडनच्या पर्सिव्हल पॉट याने १७७५ मध्ये धुराडी साफ करणाऱ्या मुलांच्या धंद्यात रोगाचे मूळ शोधले होते. खानोलकरांपुढे मात्र धंद्यापेक्षा नेसणे, ओढणे, चघळणे यांसारख्या साध्या सवयी होत्या. कमरेवरची जखम दाखविणारा शेतकरी स्वतःहून धोतराचा उल्लेख कशाला करील? ते तर तो रोजच नेसतो. वहिवाट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ती कोणीतरी विचारावी लागते.

साहित्याच्या वर्गात आपण संहितानिष्ठ समीक्षेविषयी बोलतो. लेखक व काळ बाजूला ठेवून केवळ संहिता वाचावी, असा तिचा आग्रह. काचपट्टी ही विकृतितज्ज्ञाची संहिताच. तरीही चांगला विकृतितज्ज्ञ तिच्यासोबत आलेला कागद आधी वाचतो : वय, जागा, किती दिवसांपासून, सवयी कोणत्या. हा कागद कोरा असेल तर निष्णात नजरही चकू शकते. आणि तो भरला जातो तो रुग्णाच्या तोंडच्या भाषेतून.

येथे मराठवाड्याचा प्रश्न सुरू होतो. ‘काही व्यसन आहे का?’ या प्रश्नाला गावाकडची बाई सहज ‘नाही’ म्हणते, कारण अनेक घरांत मिश्री लावणे हे दात घासण्याच्या सदरात मोडते. तिच्या शब्दकोशात व्यसन म्हणजे दारू. ‘दात कशाने घासता?’ असे विचारले की उत्तर बदलते. ‘अंगावरून जातंय’ या एका वाक्प्रचारात पांढरे जाणेही येते आणि पाळी थांबल्यानंतर पुन्हा सुरू झालेला रक्तस्रावही. यांतला दुसरा अर्थ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची खूण असू शकतो. त्यातच ‘गाठीला हत्यार लागले की ती पसरते’ ही समजूत. त्यामुळे तुकडा तपासायला पाठविण्यास संमती मिळेपर्यंत महिने निघून जातात.

या अडचणीची जाण ठेवून झालेले काम आपल्या शेजारीच आहे. १९८७ मध्ये बार्शीला देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या क्षेत्रात बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे मराठवाड्यातील तालुके होते. रुग्णालयात येईल तेवढ्याची नोंद, असा हिशेब येथे चालणार नव्हता. कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांशी बोलले. पुढे १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. निलंगा तालुकाही १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होता. स्त्रियांचे चार गट करण्यात आले : एकाला एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला आम्लाचा फाया लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्याला नेहमीची सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चाचणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांत तीस हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. केवळ एकदा केलेल्या चाचणीने एवढा फरक पडला. मात्र चौथ्या गटाला चाचणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी उपस्थित केला. तो टाळता येत नाही. त्या ६४ जणीही याच मुलखातल्या होत्या.

खानोलकरांच्या निबंधापासून या अभ्यासापर्यंतचा प्रवास एकच गोष्ट सांगतो : पेशी आणि ऊती यांचे वाचन प्रयोगशाळेत पूर्ण होत असले तरी त्याचा आरंभ गावातल्या संभाषणात होतो. लातूर आणि नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी इंग्रजीतून शिकतात; त्यांच्यासमोर बसलेली म्हातारी निलंग्याकडच्या बोलीत बोलते. दुखण्याचे, सवयींचे, अंगाच्या अवघड जागांचे तिच्याजवळ असलेले शब्द मान्यवर कोशांत सापडतीलच असे नाही. मराठी विभागांनी बोलींचे संकलन करताना ओव्या, म्हणी, उखाणे मोठ्या निगुतीने गोळा केले. दुखण्याचे शब्दही आता त्याच निगुतीने टिपून घ्यायला हवेत. तो संग्रह वाङ्मयीन अभ्यासाचा ऐवज तर होईलच. शिवाय एखाद्या तुकड्यासोबत जाणारा कागद कोरा राहणार नाही.