पेशव्यांची पेन्शन आणि अजीमुल्ला खान

नोव्हेंबर लागला की हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत निवृत्त मंडळींची एकच विचारपूस सुरू असते, हयातीचा दाखला दिला का? माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले. मध्यंतरी ते आपाकडे मस्कतला गेले होते. नोव्हेंबर तिकडेच गेला, दाखला राहिला आणि पेन्शन थांबली. मी बँकेत चौकशी केली, तर उत्तर मिळालं, "त्यांना इथे घेऊन या." अब्बा मला रोज व्हिडिओ कॉलवर दिसत होते, पण कागदावर ते हयात नव्हते. फोनवर ते एवढंच म्हणाले, "बेटा, मी खैरात मागत नाहीये."

त्यांच्या या वाक्याने मला अजीमुल्ला खान आठवले.

१८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली. राज्य सोडण्याच्या बदल्यात कंपनीने त्यांना सालीना आठ लाख रुपये ठरवून दिले आणि कानपूरजवळ बिठूरला ठेवलं. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारले आणि कंपनीने पेन्शन बंद केली. दत्तकपुत्र नानासाहेबांचं म्हणणं होतं की, ही रक्कम राज्याच्या मोबदल्यात कुटुंबाच्या पोषणासाठी ठरली होती. डलहौसीचं म्हणणं होतं की, ती बाजीरावांच्या हयातीपुरतीच होती.

दाद लंडनमध्ये मागायची ठरली. साताऱ्याच्या छत्रपतींसाठी रंगो बापूजी गुप्ते एका तपाहून अधिक काळ तिथे खेटे घालत राहिले होते. नानासाहेबांनी १८५३ मध्ये पाठवले ते अजीमुल्ला खान. दुष्काळात कानपूरच्या मिशनच्या आसऱ्याला वाढलेला हा गरीब घरचा मुलगा इंग्रजी आणि फ्रेंच शिकला होता. पेशव्यांच्या घराण्याची बाजू मांडायला एक मुसलमान वकील विलायतेत गेला, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नसावं. नवल आपल्याला वाटतं, आणि ते आपल्या काळाबद्दल बरंच काही सांगून जातं.

अर्ज फेटाळला गेला. त्याच १८५३ च्या डिसेंबरात आमच्या नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि औरस वारस नाही म्हणून हेही राज्य खालसा झालं. अजीमुल्ला परतताना क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेले आणि इंग्रजी फौजेचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १८५७ चे अजीमुल्ला आपल्याला माहीत असतात. त्याआधीचे, दफ्तरांच्या दारात थांबलेले अजीमुल्ला आपण विसरतो.

पेशव्याची पेन्शन आणि मास्तरांची पेन्शन एक नव्हे, हे मला मान्य आहे. एक गेलेल्या राज्याची किंमत, दुसरी घाम गाळून केलेल्या नोकरीची. पण दोन्हीकडे प्रश्न एकच, देणाऱ्याची मर्जी की घेणाऱ्याचा हक्क? स्वतंत्र भारतात त्याचं उत्तर १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नकारा खटल्यात मिळालं. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठात न्या. तुळजापूरकर होते, न्या. बहारुल इस्लामही होते. निकालाचा आशय असा की, पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. म्हणूनच १७ डिसेंबर पेन्शनर्स दिन म्हणून पाळला जातो.

हक्क मिळाला, पण तो बजावायला कागद लागतोच. परदेशात असलेल्या पेन्शनरने स्वतः हजर राहायलाच हवं असं नाही. तिथल्या भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला चालतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला आहे. म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोयही झाली. बँकेतल्या त्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

शेवटी आपा अब्बांना मस्कतच्या भारतीय वकिलातीत घेऊन गेली. दाखला आला, पेन्शन सुरू झाली, थकबाकीही जमा झाली. 'वकिलात' हा शब्द 'वकील'वरूनच आलेला. अजीमुल्लांना ज्या कामासाठी सात समुद्र ओलांडून रिकाम्या हाताने परतावं लागलं, ते अब्बांचं काम एका सहीवर झालं. तुमच्या घरचं कुणी वडीलधारं मुलांकडे परदेशी निघालं असेल, तर बॅग भरताना पेन्शनचे कागद आणि आधार कार्ड आधी ठेवा. हक्काची आठवण आपणच ठेवायची असते.